गडद प्रगती

मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकणाऱ्या बडनेऱ्यात ऊन फुकट मिळतं. म्हणूनच त्याला प्रतिष्ठा नाही. तेव्हा हॉल कोळशाच्या रंगात रंगवण्याचा नवा प्रघात अभिनंदनीय आहे. आजोबा चुन्यात नीळ कालवून भिंती उजळ ठेवत. शेडकार्ड नव्हतं, बिचारे! पांढरी भिंत अंगावर पडलेला जवळपास 80 टक्के उजेड परत करते. असला उधळेपणा गडद भिंतीकडे नाही, ती गिळून बसते. म्हणून भर दुपारी एलईडी, एलईडीसाठी पीओपी आणि बिलासाठी गच्चीवर सोलर. ऊन खिडकीतून घेण्यापेक्षा तारेतून घेणं केव्हाही सभ्यच. आता खिडक्याही बुजवाव्यात, अशी नम्र सूचना आम्ही केली.

पेंटर म्हणाला, "भाऊ, थ्या त मांगच्याच वर्षी बुजवल्या. टीव्ही कुठी लावा मंग?"