मेकमामा

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे परभणीकर छाती फुगवून सांगतो, पण पुरावा मागितला की वसमत रोडच्या रहदारीकडं बघत बसतो. पुरावा असतो फक्त मेकमामांकडे. सुसे लिनक्सवाली कंपनी १९९२ साली जर्मनीत निघाली, केडीई १९९६ साली तिथल्याच एका विद्यार्थ्यानं सुरू केलं; आणि ते केडीई आयतं न घेता स्वतः कंपाइल करून चालवणारा माणूस कुठं राहतो? परभणीत. विषय संपला.

मेकमामा हा एक माणूस नव्हे, जमात आहे. जिंतूर, सेलू, गंगाखेड, कुठंही एखादा निघतोच. कुठल्यातरी कॉलेजातली लॅब सांभाळता सांभाळता निवृत्तीला टेकलेला, शर्टाच्या खिशात पेन ड्राइव्ह. तयार पॅकेज टाकणं त्याला कमीपणाचं वाटतं. सोर्स आणायचा, कंपाइल करायचा आणि शेवटी ऐटीत 'मेक इन्स्टॉल' मारायचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला, लॅपटॉप त्याच्याही वर, आणि कंपाइल ९३ टक्क्यांवर आलं की लाइट जाणार. मामा शांत. "लाइट आली की मेक राहिलं तिथून उचलतंय," म्हणत ते लॅपटॉपलाच वारा घालतात.

या जमातीचा वैरी म्हणजे कॉम्प्युटर दुकानातला पोरगा. त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध: "फॉरमॅट मारावं लागतंय." मामांना हे वाक्य शिवीसारखं लागतं.

परवा कृषी विद्यापीठातला एक पीएचडीवाला मामांकडे आला. सोयाबीनचे उपग्रह-नकाशे उघडायला त्याला जीडाल हवं होतं. मामांनी अर्थातच सोर्स आणला. जीडालनं २०२२ साली जुनं 'कॉन्फिगर' सोडून सीमेक धरलं, याबद्दल आधी दोन मिनिटं हळहळ व्यक्त केली. मग कंपाइल, मग इन्स्टॉल. पोरानं कमांड मारली. उत्तर आलं: 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज', लिबजीडाल.एसओ.३४ उघडता येत नाही.

पोराचा चेहरा उतरला. मामांचा उजळला.

"मामा, आत्ता तर बिल्ड फोल्डरमधून चालूलालं होतं की!"

"चालणारच. तिथं प्रोग्रामच्या पोटातच लायब्ररीचा पत्ता लिहिलेला असतोय. इन्स्टॉल करताना सीमेक तो पुसतंय. आता एलडीडी मार."

एलडीडीनं लायब्रऱ्यांची लांबलचक यादी ओतली. प्रत्येकीपुढं पत्ता, एकीपुढंच 'नॉट फाउंड'. मामांनी यूएसआर-लोकल-लिब उघडून दाखवलं; बाई तिथं ठाण मांडून बसलेली.

"आहे की इथं!"

"गड्या, मतदानाला गेलास, केंद्रावरचे साहेब तुला वळखतेत, पण यादीत नाव नाही. टाकू देतील का मत? लोडर म्हणजे तो साहेब. गावभर हिंडून शोधत नाही, कॅशमधली यादी बघतंय."

मग मामांनी उपायांचा पंचनामा केला. एलडी लायब्ररी पाथ लिहिणारे म्हणजे सरपंचाची चिठ्ठी आणणारे. त्या टर्मिनलपुरतं भागतं, दुसरं उघडलं की पुन्हा चिठ्ठी. जुन्या आवृत्तीच्या लायब्ररीला नव्या नावाची सिमलिंक जोडणारे तर सरळ बोगस मतदान करतात. दारातून आत जाता येतं, सही जुळवायच्या वेळी 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' म्हणून धरलं जातं. खरा उपाय एकच, यादी नवी करणं. उबुंटूत यूएसआर-लोकल-लिब ही वस्ती आधीच हद्दीत धरलेली असते, म्हणून नुसतं 'सुडो एलडीकॉन्फिग' पुरतं. फेडोरात आधी एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये फाइल टाकून ती वस्ती हद्दीत घ्यावी लागते.

"पण मामा, सगळं एकाच फाइलीत कोंबलं असतं तर ही भानगडच नव्हती."

"मग एकीत खोट निघाली की प्रत्येक प्रोग्राम नव्यानं कंपाइल करत बस. सामाईक असली की एक प्रत बदलली, सगळ्यांचं भागलं. मेमरीतबी एकदाच चढती."

मामांनी एलडीकॉन्फिग मारलं. पडद्यावर काहीही आलं नाही. लिनक्सनं गप्प राहणं म्हणजे शाबासकी, हे पोराला ठाऊक नसल्यानं तो आणखी घाबरला. पुन्हा कमांड मारली, नकाशा उघडला. परभणी तालुका हिरवागार दिसला.

लॅपटॉप मिटता मिटता पोराला शंका आली. "मामा, हे जीडाल उबुंटूत ॲप्टनं तयार मिळत नाही का?"

"मिळतंय की. दोन मिनिटांत."

"मग दुपारपासून आपण काय करूलालाव?"

मामांनी आतल्या दिशेनं दुसऱ्या चहाची ऑर्डर सोडली. "दोन मिनिटांत झालं असतं, तर तू दोन मिनिटांतच गेला असतास ना."