शंभर मायक्रॉनची अब्रू

मोटारीचा रंग पत्र्यापेक्षा मालकाच्या मनाला अधिक घट्ट चिकटलेला असतो, हे विधान रसायनशास्त्राच्या कसोटीवर टिकणारे नसले तरी नागपूरच्या महाल भागात त्याचा पुरावा मागण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. कारखान्यातून बाहेर पडलेल्या आधुनिक मोटारीवरच्या संपूर्ण रंगाची जाडी साधारणपणे १०० ते १२० मायक्रॉन भरते, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग हे लक्षात घेतले, तर काही लाखांचे कर्ज, घराण्याची प्रतिष्ठा आणि शेजाऱ्यांचे मत हे सर्व मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्शावर उभे असते असा निष्कर्ष निघतो.

हा दहावा हिस्साही एकजिनसी नसतो. पत्रा धुऊन त्यावर प्रथम जस्त-फॉस्फेटचे बारीक स्फटिक बसवले जातात, जेणेकरून पुढच्या थराला पकड मिळावी. त्यानंतर मोटारीचा अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीजप्रवाह सोडतात, ज्यामुळे रंगाचे कण सांदीकोपऱ्यांपर्यंत ओढले जातात, आणि गंजाला अडवणाऱ्या या थराला ‘ई-कोट’ म्हणतात. त्यावर दगडाचा मार सोसणारा प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा ‘बेस कोट’, आणि सर्वांत वर ऊन, पाऊस व पक्षी यांच्याशी थेट व्यवहार करणारा पारदर्शक ‘क्लिअर कोट’ अशी ही उतरंड असते. यातली मौज अशी की ज्या रंगासाठी घरात महिनाभर खल चालतो, सुनेला लाल हवा असतो, मुलाला काळा हवा असतो आणि आजोबांना कोणता का होईना पण शुभ हवा असतो, तो प्रत्यक्ष रंगाचा थर अवघा १५ मायक्रॉनच्या आसपास असतो. आणि एवढ्या चर्चेनंतर बहुधा पांढरीच गाडी घेतली जाते, कारण भारतात सर्वाधिक खप पांढऱ्या मोटारींचाच आहे.

टवका उडण्याची क्रिया समजण्यासाठी महाविद्यालयात जावे लागत नाही, पण गणित मात्र चुकवता येत नाही. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि केळीबाग रस्त्यावर संध्याकाळच्या वेळी ताशी १० किलोमीटर साधले तर चालकाने नारळ वाढवावा अशी स्थिती असते. त्यामुळे पुढच्या टिपरच्या चाकातून निसटून रस्त्यावर हवेत उडालेला एकच खडा, वेगाच्या या बारापट फरकामुळे, समृद्धीवर १४४ पट ऊर्जेने बॉनेटवर येऊन आदळतो. तिथे तो रंगाला दाबतो, त्या दाबाची लाट थरांमधून पत्र्यापर्यंत जाऊन परत फिरते, आणि ज्या दोन थरांमधली पकड सर्वांत कच्ची असेल तिथून कपचा सुटतो. कपचा प्रायमरपाशीच थांबला तर तो केवळ दुःखाचा विषय असतो. पत्र्यापर्यंत गेला तर गंजाचाही होतो.

रंगरसायनतज्ज्ञापुढचा खरा पेच यापुढे सुरू होतो. क्लिअर कोट कडक केला की त्यावर किल्लीचे, फडक्याचे ओरखडे उठत नाहीत, पण दगड लागताच तो तडकतो. मऊ ठेवला तर दगडाचा मार पचवतो, पण नुसत्या धुळीने चरे पडतात. नागपूरकराला हा पेच पाटोडीवरून चटकन उमगतो, कारण बेसन जास्त शिजून घट्ट झाले तर सुरीखाली तुकडे उडतात आणि सैल राहिले तर वडी ताटालाच चिकटून बसते. सुगरण हा मध्य हाताच्या अंदाजाने गाठते; रंगाच्या कंपन्यांना त्यासाठी प्रयोगशाळा चालवाव्या लागतात. अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या जे-४०० या चाचणीत अर्धा लिटरच्या आसपास खडी, जिचे दाणे साडेनऊ ते सोळा मिलिमीटर आकाराचे असतात, हवेच्या दाबाने रंगवलेल्या पट्टीवर फेकली जाते, मग चिकटपट्टी लावून सैल झालेले कपचे उपटले जातात आणि उरलेल्या खळग्यांची संख्या व आकार पाहून रंगाला गुण मिळतात. जुन्या वस्तीत हीच चाचणी पावसाळा संपता संपता विनाशुल्क होते. कोणीतरी डांबर बेताचे आणि गिट्टी सढळ हाताने घालून खड्डे बुजवतो, आणि पुढचे आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखालून ती गिट्टी पुन्हा आपल्या मूळ स्वातंत्र्याकडे परतते. फरक एवढाच, की इथे गुण देणारा कोणी नसतो.

‘पूर्वीच्या गाड्यांचा रंग असा नव्हता’ हे वाक्य महालातील ओट्यांवर इतक्या निष्ठेने उच्चारले जाते की त्याची चिकित्सा करणे उद्धटपणाचे वाटावे. तरीही ती करणे भाग आहे. अ‍ॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांचा पत्रा जाड होता हे खरे, पण त्यांच्यावर एकाच थराचा इनॅमल रंग असे, वर पारदर्शक संरक्षण नसे, त्यामुळे विदर्भाच्या उन्हात काही वर्षांत त्यावर खडूसारखी पूड धरे आणि दर दिवाळीला ‘रबिंग’ करून, म्हणजे किंचित खरबरीत मलमाने वरचा मेलेला थर घासून काढून, चमक परत आणावी लागे. प्रत्येक दिवाळीला रंग थोडा पातळ होत जाई आणि दाराच्या खालच्या कडेने गंज वर चढत येई. त्या गाड्यांना दगड कमी लागले याचे श्रेय रंगाला कमी आणि वेगाला अधिक द्यावे लागते, कारण ज्या गाडीला चढावर मागून चालत येणारा माणूस गाठत असे, तिच्यावर आदळण्यासाठी दगडालाच प्रयत्न करावा लागला असता.

आजच्या तक्रारीत मात्र तथ्य अजिबात नाही असे म्हणता येत नाही. हवेत विषारी वाफा सोडणारे द्रावक कमी व्हावेत म्हणून बेस कोट पाण्यावर आधारलेले झाले. भट्टीचा खर्च वाचावा म्हणून अनेक कारखान्यांनी प्रायमरचा स्वतंत्र थरच वगळून त्याचे काम बेस कोटच्याच गळ्यात घातले. मोटारीचे नाक हवा कापण्यासाठी उतरते झाले आणि पूर्वी जिथे क्रोमची उभी जाळी दगड झेलत असे, तिथे आता रंगवलेला प्लॅस्टिकचा बंपर मिरवतो. टायर रुंद झाले आणि चिखलपट्ट्या मालकांनी शोभेला बाधा येते म्हणून काढून टाकल्या, ज्यामुळे स्वतःच्याच चाकाने उडवलेली गिट्टी स्वतःच्याच दाराखाली लागते. या शेवटच्या प्रकाराला दैव म्हणता येत नाही.

एवढे सगळे शास्त्र सिद्ध झाल्यावर महालाकडे वळले की ते जागच्या जागी लटके पडते. भोसल्यांच्या राजवाड्यामुळे ज्याला हे नाव मिळाले त्या भागात, गांधी गेटपासून बडकस चौकापर्यंतच्या गल्ल्यांत, मोटार चालते त्याहून कितीतरी अधिक काळ उभी असते, आणि तिच्या रंगाचे आयुष्य धावण्यात नव्हे तर उभे राहण्यात ठरते. जे-४०० चाचणीत दुचाकीचे हँडल, गायीचे शिंग आणि वाड्याच्या दाराची कडी या तिन्हींचा समावेश नाही, ही त्या चाचणीची मर्यादा समजली पाहिजे.

यातली कडी विशेष अभ्यासनीय आहे. जुन्या वाड्यांच्या दरवाजांची रुंदी मोटारीचा शोध लागण्यापूर्वीच ठरलेली असल्याने गाडी आत घेणे हा कौटुंबिक उपक्रम होतो: दोन्ही आरसे मिटवले जातात, चालकाचा श्वास रोखला जातो, आणि घरातील ज्येष्ठ व्यक्ती मागे उभी राहून हाताने वाऱ्याला बोलावल्यासारखी खूण करत ‘येऊ दे, येऊ दे’ असा घोष करते. या घोषानंतर ‘बस्स!’ हा इशारा येतो खरा, पण दोहोंच्या मध्ये नेहमी एक ‘कर्र’ असा आवाज येऊन गेलेला असतो. म्हणूनच वाड्यात राहणाऱ्या मोटारींच्या डाव्या मागच्या दारावर, कडीच्या नेमक्या उंचीवर, एक आडवी रेघ आढळते. ती पहिल्या वर्षी एकेरी असते, पुढे दुहेरी होते, आणि पाचव्या वर्षापर्यंत तिला कंपनीने दिलेली नक्षी समजण्याइतकी सफाई येते.

पहिल्या टवक्याचा मान मात्र पुष्कळदा दगडालाही मिळत नाही आणि कडीलाही नाही. शोरूममधून आलेली गाडी दाराशी उभी राहताच बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, ते मे महिन्याच्या उन्हात वाळते, आणि ओलसर कृत्रिम रंगद्रव्य तापलेल्या क्लिअर कोटमध्ये उतरून पांढऱ्या बॉनेटवर गुलाबी ठसा ठेवते, जो शाम्पूने फिका होतो पण जात नाही. चाकाखालचे लिंबू निरुपद्रवी ठरते, कारण त्याचा रस रबराला लागतो. नारळ मात्र बंपरपासून वितीच्या अंतरावर फोडण्याची प्रथा असल्याने करवंटीचा एखादा कपचा उडून रंगाला लागतो, आणि अपघातापासून रक्षण व्हावे म्हणून केलेल्या विधीतच गाडीचा पहिला अपघात नोंदला जातो. त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. तो प्रसाद असतो.

यानंतर संरक्षणाचा अध्याय येतो, जो दुकानदारांच्या दृष्टीने सर्वांत रसाळ आहे. ‘पीपीएफ’ या नावाने मिळणारी पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म, जिचे मूळ लष्करी हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून वाचवण्यात आहे, १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असते, म्हणजे ज्या रंगाला वाचवायचे त्या रंगापेक्षा त्याचे पांघरूण जाड ठरते. पण ती दगडाचा मार खरोखर अडवते, हे मान्य केले पाहिजे. ‘सिरॅमिक कोटिंग’ या भारदस्त नावाचा थर मात्र एखाद-दोन मायक्रॉनचा असतो, त्यावरून पाणी सुरेख ओघळते, धूळ कमी धरते, आणि दगड त्याची दखलही घेत नाही. त्याच्या जाहिरातीत ‘नाइन एच’ असा जो काठिण्याचा दाखला दिला जातो तो हिऱ्याच्या श्रेणीतला नसून पेन्सिलीच्या श्रेणीतला आहे, म्हणजे सर्वांत कडक पेन्सिलीने ओरखडा उठत नाही एवढाच त्याचा अर्थ. नागपूरच्या रस्त्यांवर पेन्सिली उडत नसल्याने त्याचा उपयोग मर्यादित राहतो. फिल्म आणि कोटिंग दोन्ही झाल्यावर गाडीवर कापडी कव्हर चढते, त्याखाली उन्हाळ्याच्या वावटळीतली धूळ शिरते, वाऱ्याने कव्हर दिवसभर फडफडते आणि त्या धुळीने रंग मन लावून घासला जातो. उरलेले काम कोरडा फडका करतो.

दुरुस्तीच्या बाबतीत महालाला निसर्गाची एक साथ आहे. कारखान्यात क्लिअर कोट सुमारे १४० अंशांवर भाजला जातो, पण तयार मोटारीतले रबर व प्लॅस्टिक ते तापमान सोसत नसल्यामुळे दुरुस्तीचा रंग घट्ट करणारे रसायन मिसळून ६० अंशांच्या आसपास वाळवावा लागतो, आणि त्यासाठी मोठी वर्कशॉप बंदिस्त भट्ट्या बांधतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा गडद रंगाचा पत्रा उन्हात एवढा सहज तापतो, त्यामुळे गल्लीच्या तोंडावरचा डेंटर-पेंटर ही भट्टी वीजबिलाशिवाय वापरतो. रंगात अडकलेली धूळ आणि एखादे चिलट हा त्या बचतीवरचा कर असतो. त्याचे निदानही शास्त्रशुद्ध असते. ओरखड्यावरून तो नख फिरवतो, नख अडकले नाही तर ‘काकाजी, हे तं रबिंगनं जाते’ असे सांगून मोकळा होतो, आणि अडकले तर काहीच न बोलता आत जाऊन चहा सांगतो. तो चहा साधारण किती रुपयांना पडणार, हे अनुभवी मालकाला त्याच्या शांततेवरून कळते.

विम्याचा विचारही इथेच करणे उचित. वर्षभर दावा न केल्यास हप्त्यातील स्वतःच्या नुकसानीच्या भागावर पुढच्या वर्षी २० टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के सूट मिळत असल्याने लहानसहान टवक्यांसाठी दावा करणे परवडत नाही. त्यामुळे टवके साठवले जातात, आणि पॉलिसी संपण्याच्या आधीच्या आठवड्यात एका दगडात आठ पॅनेल मारल्याचा अर्ज दाखल होतो. प्रत्येक घटनेचा दावा स्वतंत्र असतो, असे विमा निरीक्षक नम्रपणे सांगतो. डाव्या दाराला लागलेला दगड छतावरून उजव्या दाराकडे कसा गेला, याचे उत्तर मग कुटुंबातील सर्वांत शिकलेल्या सदस्याला द्यावे लागते.

नागपूरकराच्या पदरात हवेने एक झुकते माप मात्र टाकलेले आहे. कोकणकिनाऱ्यावर किंवा मुंबईत खारट दमट हवेमुळे पत्र्यापर्यंत गेलेला टवका लवकर लाल होतो आणि गंज रंगाखालून पसरत जातो. नागपुरात पावसाळा सोडला तर वर्षाचा मोठा भाग कोरडा जातो, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणि शाबूत ई-कोट असेल तर तो बराच काळ तग धरतो. तेव्हा टिपरच्या मागे गाडी चिकटवू नये, टवक्याच्या तळाशी पत्र्याची धातूची चमक दिसत असेल तर तो भाग धुऊन, कोरडा करून, दाराच्या खांबावरील पट्टीवर लिहिलेल्या रंगक्रमांकाची टच-अप बाटली मृग लागण्यापूर्वी आणून लावावी, आणि टवका बंपरवर असेल तर घाई करू नये, कारण बंपर प्लॅस्टिकचा असतो आणि प्लॅस्टिकला गंज चढत नाही.