भाडं घ्या, नाव राहू द्या

एसटीच्या कंडक्टरच्या हातातल्या मशीनमधून निघणारं तिकीट एकदा नीट वाचून बघा. कुठून, कुठपर्यंत, फुल की हाफ, किती पैसे, किती वाजता. नाव नाही, मोबाईल नंबर नाही. तरी मधल्या थांब्यावर चेकर चढला की त्याला तेवढं पुरतं. भाडं भरलंय ना, एवढंच त्याला बघायचं असतं.

तेच तिकीट मोबाईलवर काढायला जा. आधी नंबर द्या, मग ओटीपी, मग लोकेशनची परवानगी. दहा रुपयांचा प्रवास संपतो, नोंद मात्र मागे राहते. कोण दर मंगळवारी कॅन्सरच्या हॉस्पिटलपाशी उतरतं, कोणाची मुलगी क्लास सुटल्यावर कितीच्या बसने घरी येते, नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून निघालेली बाई कुठल्या गावाला गेली, सगळं त्या नोंदीत असतं. यातलं काहीही गाडी चालवायला लागत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आम्ही नावं काढून टाकतो. मेलबर्नमध्येही काढली होती. २०१८ साली तिथल्या सरकारी वाहतूक यंत्रणेने 'मायकी' या प्रवासाच्या कार्डांच्या तीन वर्षांच्या नोंदी एका डेटा-स्पर्धेसाठी दिल्या. दीड कोटी कार्डं, १८० कोटी नोंदी. नाव कुठेच नाही, कार्डांचे नंबरही बदललेले. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यात आधी स्वतःचीच कार्डं शोधली, कारण आपण कधी कुठे चढलो हे त्यांना आठवत होतं. मग कधीतरी बरोबर प्रवास केलेल्या सहकाऱ्याचं कार्ड सापडलं. मग एका आमदाराचं, त्याने ट्रेनच्या प्रवासाबद्दल केलेल्या ट्विटांवरून! एकदा कार्ड हाती लागलं की त्या माणसाचा तीन वर्षांचा सगळा प्रवास समोर. तिथल्या राज्याच्या माहिती आयुक्तालयाने २०१९ मध्ये हा खासगीपणाचा भंग ठरवला. अशी ओळख पटवून देणाऱ्या तुमच्या दोन-तीन फेऱ्या तर ऑफिसातल्या कुणालाही माहीत असतात.

आपल्याकडे ऑगस्ट २०२२ मध्ये रेल्वेची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या आयआरसीटीसीने प्रवाशांच्या माहितीतून पैसा कसा उभा करायचा हे सांगणारा सल्लागार नेमण्यासाठी टेंडर काढलं. अभ्यासायच्या माहितीत नाव, वय, मोबाईल, पत्ता, प्रवासाचा वर्ग, पैसे कसे भरले, इथपर्यंत सगळं होतं. ओरड झाली. महिना संपायच्या आत संसदीय समितीपुढे टेंडर मागे घेतल्याचं सांगण्यात आलं. कारण काय, तर डेटा संरक्षणाचं विधेयक अजून मंजूर नाही. माझा राग या कारणावर आहे. ही माहिती प्रवाशाची आहे, आम्हाला ती विकायला दिलेली नाही, असं का नाही म्हटलं? कायदा तर २०२३ मध्ये झालासुद्धा. म्हणजे आता तेवढीही आडकाठी राहिली नाही?

आरक्षित तिकिटाला नाव लागतं, ते मान्य. लोकल, मेट्रो, सिटी बसला कशाला? आणि नोंद ठेवायचीच तर किती दिवस, ते भाड्याच्या तक्त्याशेजारी मराठीत लिहून लावा. लंडनच्या ऑयस्टर कार्डावरच्या फेऱ्या आठ आठवड्यांनी कार्डापासून तोडायचा नियम तिथल्या यंत्रणेने स्वतःला घालून घेतला आणि लोकांना सांगितला. आपल्या ॲपमध्ये ही मुदत शोधून दाखवा.

बिननावाचं कार्ड द्यायला आता नियमाची अडचणही नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्येच केवायसीशिवाय प्रवासाचं प्रीपेड कार्ड द्यायची मुभा दिली आहे, त्यात ३,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते. तेव्हा प्रत्येक मेट्रो स्टेशनच्या खिडकीवर, प्रत्येक बस डेपोत ते मिळालं पाहिजे. रोख पैसे घ्या, कार्ड द्या, आणि मोबाईल नंबर विचारू नका. ॲप वाढलं म्हणून तिकीट खिडक्या कमी करण्याचं जे चाललंय, तेही थांबवा.