बदामाला विरी नाही

मी भाकर सोडली ही बातमी बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर माझ्या आधी पोचली. मी बाकड्यावर टेकतोय न टेकतोय तोच टपरीवाल्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "सर, कोणत्या मागणीसाठी?"

त्याची चूक नाही. मराठा आरक्षणाच्या उपोषणाने गाजलेली अंतरवाली सराटी आमच्याच अंबड तालुक्यातली. २०२३ च्या ऑगस्टपासून इथे कुणी अन्न सोडलं म्हटलं की लोक आधी मंडप शोधतात, मग निवेदन मागतात. माझ्याकडे दाखवायला फक्त रक्ततपासणीचा कागद होता. त्यावर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा होता ६.३. हा आकडा ५.७ ते ६.४ च्या मध्ये असला की माणसाला मधुमेह झालेला नसतो, पण होणार नाही असंही कुणी लिहून देत नाही. थोडक्यात, वेटिंग लिस्ट.

डॉक्टर म्हणाले, "भाकर-पोळी कमी करा. सध्या किती खाता?"

"तीन," मी म्हणालो. "दिवसाला?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी तेव्हा धरून चाललो.

घरी आल्यावर खरा हिशेब झाला. बायकोने एका भाकरीचं पीठ वजनकाट्यावर ठेवलं. भरलं ११० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत ७२.६ ग्रॅम कर्बोदकं दिली आहेत. म्हणजे एका भाकरीत ऐंशी. मी दोन वेळच्या मिळून पाच खात होतो, ते झाले चारशे. कीटोवाली मंडळी दिवसाला पन्नासच्या आत राहतात. म्हणजे माझा एक दिवस म्हणजे कीटोवाल्याचे आठ दिवस, आणि माझ्या एका आठवड्यात त्याचे जवळजवळ दोन महिने जेवून होत होते. हा हिशेब बायकोने दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवला. तो अजून आहे.

मग पर्यायांचा शोध सुरू झाला. या विषयावर जगभर जे सल्ले दिले जातात ते 'ब्रेडऐवजी काय' या प्रश्नाचे असतात. अंबडला हा प्रश्नच लागू पडत नाही. ब्रेड हे इथे आजाऱ्याचं खाणं. हातातल्या पिशवीत ब्रेडचा पुडा आणि वर चार मोसंब्या दिसल्या की समोरचा थांबून विचारतो, "कोण ॲडमिट आहे?" ज्याला भाकर चालत नाही त्याला ब्रेड, असा आमचा सरळ कायदा. आता ब्रेडचाही पर्याय शोधायचा म्हणजे बदली कामगाराच्या रजेवर दुसरा बदली कामगार नेमण्यासारखं झालं.

शाळेच्या स्टाफरूममध्ये सल्ल्यांना तोटा नव्हता. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा पंथ दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवणारा, ऋजुता दिवेकरांचा पंथ आजीने खाल्लं तेच खा, तूप सोडू नका, म्हणणारा. दोन्हीकडचे लोक माझ्याकडे कणवेने बघत होते. पण मी चोरून पाहिलं, दोघांच्याही डब्यात भाकर होती. त्यांचं भांडण घड्याळाशी होतं, भाकरीशी नव्हतं. मी एकटाच पडलो.

त्यात एकाने ठामपणे सांगितलं, "गहू सोडा, ज्वारी धरा, साखर आपोआप उतरते." हा सल्ला मला आजवर किमान चाळीस जणांनी दिला असेल, आणि तोही मराठवाड्यात, जिथे ज्वारी धरायला ती आधी कुणी सोडलेली असावी लागते! पुन्हा तोच तक्ता काढला. गव्हाच्या पिठात ६९.४, बाजरीत ६७.५, नाचणीत ७२, ज्वारीत ७२.६. ज्वारी जरा सावकाश पचते, चोथा बरा, सगळं खरं. पण कर्बोदकांच्या बाबतीत ती गव्हाचा पर्याय कसली, गव्हाची थोरली बहीण आहे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष केलं, आपल्या अर्थसंकल्पाने त्यांना 'श्री अन्न' म्हटलं. माझ्या भाकरीला 'श्री' लागला आणि दोन वर्षांत मला ती सोडायची पाळी आली. नशीब म्हणतात ते हेच.

पुण्याच्या मुलाला कळलं. तो हिंजवडीत कामाला आहे आणि तिथल्या लोकांना कुठल्याही प्रश्नाचं उत्तर पार्सलने येतं. तीन दिवसांत खोकं आलं. त्यात बदामाचं पीठ अर्धा किलो आणि इसबगोल. पिठाच्या पाकिटावरची किंमत होती साडेपाचशे. आईने ती दोनदा वाचायला लावली. तेवढ्यात पंधरा किलो ज्वारी आली असती. इसबगोलाबद्दल ती काही बोलली नाही. आमच्या घरात ते ज्या कामासाठी ठेवलेलं असतं ते काम जेवणाच्या अगदी दुसऱ्या टोकाचं आहे.

मुलाने व्हिडिओही पाठवला होता. त्यातली बाई हसत हसत दोन प्लॅस्टिकच्या कागदांत गोळा दाबायची आणि पांढरीशुभ्र पोळी काढायची. बायकोने तसं करून पाहिलं. पोळी प्लॅस्टिकलाच चिकटून बसली. मग आई उठली. पन्नास वर्षांहून जास्त काळ ती काटवटीत भाकर थापतेय, ती काय प्लॅस्टिक घेणार? तिने पाण्याला आधण आणलं, पीठ मळलं, गोळा केला आणि पहिली थाप मारली. गोळ्याला चहूबाजूंनी भेगा गेल्या. दुसऱ्या थापेला बोटांना तेल आलं. तिसरी तिने मारलीच नाही.

"ह्याला विरी न्हाई," ती म्हणाली.

एवढं अचूक निदान मला कुठल्याही आहारतज्ज्ञाकडून मिळालं नसतं. गव्हात चिवट ग्लुटेन असतं म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ते नाही, म्हणून आपण उकळतं पाणी घालतो. त्या पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि गोळा धरून ठेवतो. तीच विरी. पीठ जुनं झालं की ती जाते आणि भाकर चिरते. बदामात ग्लुटेन नाही आणि स्टार्चही नावालाच, आहे ते सगळं तेल. थोडक्यात, ज्या गोष्टीने साखर वाढते त्याच गोष्टीने भाकर एकसंध राहते. कर्बोदकं काढून घेतलेली भाकर मागणं म्हणजे ओलावा नसलेलं पाणी मागणं. इसबगोल पाण्यात फुगून बुळबुळीत होतं आणि तुकडे कसेबसे एकत्र धरतं, पण ती सक्तीची एकी असते. तव्यावर पडल्याबरोबर ती फुटते.

तरी एक भाकर कशीबशी झाली. रंग छान, वास बर्फीचा. ठेच्याबरोबर घास घेतला. मिरची आणि बर्फी एकदम तोंडात आल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो याचा फोटो बायकोने मुलाला पाठवला. त्याने उलट अंगठा पाठवला.

आई तवा उतरवत म्हणाली, "मिलो बरी होती."

मिलो म्हणजे बहात्तरची. आई लग्न होऊन आली आणि वर्षाच्या आत १९७२ चा दुष्काळ पडला. अंगावरची हळद गेली नव्हती तर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो. तिची भाकर तांबडी व्हायची, गार झाली की चामड्यासारखी. लहान पोरं ती बघून रडायची. आमच्या भागाने भाकरीचा पर्याय एकदाच खाल्लाय, आणि तो कुणी निवडला नव्हता. पोट उतरवण्यासाठी तर मुळीच नव्हता.

आता गंमत बघा. त्याच १९७२ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांचं पुस्तक आलं. त्यांनी तिकडच्या लोकांना सांगितलं, ब्रेड सोडा, वजन उतरेल. लाखो लोकांनी पुस्तक घेतलं. म्हणजे एका वर्षात अमेरिकेतून दोन गोष्टी निघाल्या. तिकडे धान्य नका खाऊ हा उपदेश, इकडे धान्य. माझ्या घरी धान्य आधी पोचलं, उपदेश पोचायला पन्नास वर्षं लागली. पुढे ॲटकिन्सच्या नावाच्या कंपनीने कमी कर्बोदकांचे पदार्थ बाजारात आणले आणि २००५ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. मला आश्चर्य वाटलं नाही. बदामाची भाकर मी खाल्ली होती.

या सगळ्याचा मूळपुरुष म्हणजे लंडनचा विल्यम बँटिंग. धंदा अंत्यविधीचा. शवपेट्यांचं माप घेता घेता स्वतःचं माप वाढलं, बुटाची नाडी बांधता येईना. डॉक्टरच्या सांगण्यावरून त्याने ब्रेड, साखर, बटाटे, बिअर बंद केली, वर्षभरात वीस किलोच्या वर उतरला आणि १८६३ मध्ये ही हकीकत छापून वाटली. पण ते पत्रक नीट वाचलं की एक चोरटी नोंद सापडते. ब्रेड बंद, मात्र कोरडा टोस्ट चालू. न्याहारीला एक औंस, जेवणाला एक औंस. ब्रेड सोडणाऱ्या पहिल्या माणसाने ब्रेड भाजून परत आत घेतला! हे वाचून मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. टपरीवर चहात टोस्ट बुडवताना मी आता त्याचं नाव घेतो.

फुलगोबीचा भात करून झाला. गोबी किसून वाफवायची आणि वर वरण घालायचं. गोबी म्हणून ती उत्तम होती, भात म्हणून ती खोटं बोलत होती. जवसाची पोळी, सोयाचं पीठ, अंड्याच्या पांढऱ्याचा ढगासारखा ब्रेड (हा आईच्या नकळत, शेजाऱ्यांच्या घरी) हे सगळं झालं. दर वेळी एकच अनुभव. नकली भाकर खाल्ली की पोट भरतं आणि भाकरीची आठवण येते. खऱ्या भाकरीला माणूस विसरू शकतो, पण तिची नक्कल रोज ताटात असली की विसरणं अशक्य. गेलेल्या माणसाच्या जागी त्याच्यासारखे कपडे घालून कुणी रोज जेवायला येऊन बसावं तसं.

खरी अडचण मला फार उशिरा कळली. भाकर हे आमचं अन्न आहेच, पण ती आमची ताटली आहे, चमचा आहे आणि अग्निशामक दलही. ठेचा चमच्याने खाऊन दाखवा. पिठलं बोटाने उचला. शेतावर कांदा फोडून कशावर ठेवणार? कर्बोदकं सोडणं जमेल हो, पण चमचा सोडल्यावर जेवायचं कसं? शेवटी काकडीच्या जाड चकत्यांवर ठेचा घ्यायला लागलो. काकडी भाकरीसारखी दिसायचा प्रयत्न करत नाही, म्हणून ती मला आवडते.

मध्येच नवरात्र आलं. आमची मत्स्योदरी देवी माशाच्या आकाराच्या टेकडीवर बसते, नवरात्रात यात्रा भरते, आणि मी नऊ दिवस उपवास करतो. या वेळी तर हुरूप वेगळाच. नऊ दिवस भाकर नाही, पोळी नाही, भात नाही, शिवाय रोज देवीच्या पायऱ्या. एका दगडात किती पक्षी!

पण उपवास म्हणजे धान्याच्या पर्यायांवर मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केलेलं संशोधन आहे, हे मी विसरलो. भाताला भगर, पोळीला राजगिरा, थालीपिठाला उपवासाची भाजणी, आणि सगळ्याला साबुदाणा. तमिळनाडूतल्या सेलमकडच्या कारखान्यांत टॅपिओकाच्या कंदापासून होणाऱ्या त्या पांढऱ्या मोत्यांत १०० ग्रॅमला ८७ ग्रॅम कर्बोदकं असतात. ज्वारीच्याही वर, आणि चोथ्याच्या नावाने शून्य. त्यात बटाटा. वर वाटीभर दही, साखर घालून. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, इथे नऊ दिवस होते. दसऱ्यानंतर रक्त तपासलं. ६.४.

"काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "उपवास होते."

दिवाळीला मुलगा नवी गाडी घेऊन आला. आईने त्याला दारातच थांबवलं. इतक्या लांबून पोरगं नव्या गाडीतून आलं, भाकर-तुकडा ओवाळून टाकल्याशिवाय घरात कसं घ्यायचं? ती आत गेली. भाकरीचं टोपलं रिकामं. आमच्या घरात त्या दिवशी शिळ्या भाकरीचा नितकोर तुकडाही नव्हता. तिच्या सगळ्या संसारात असं कधी झालं नसेल, बहात्तर साल सोडून. बायकोने दबकत सुचवलं, फ्रिजमध्ये बदामाची आहे अर्धी.

"त्याच्यानं दृष्ट जाती का?" आईने विचारलं. खोकं पाठवणारा मुलगा उंबऱ्याबाहेर निमूट उभा होता. मी शेजारी जाऊन चतकोर भाकर मागून आणली. ती ओवाळली, मग तो आत आला, आणि जेवायला बसल्यावर त्याने दोन भाकरी खाल्ल्या. ज्वारीच्या. उरलेल्या बदामाच्या पिठाची आईने दुसऱ्या दिवशी बर्फी केली, पिठाइतकीच साखर घालून. इतकी चांगली बर्फी आमच्याकडे पूर्वी झाली नव्हती.

आता माझं ठरलंय. नकला बंद. दोन्ही वेळेला अर्धी भाकर, खरी, तव्यावरून फुगून उतरलेली. त्याआधी वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी, काकडी, ताक. अर्धी भाकर पुरवून पुरवून खाताना तिची चव कळते, पाच खाताना ती कळत नव्हती, हे कबूल करतो. उरलेली अर्धी आई माझ्याकडे बघत स्वतःच्या ताटात घेते.

पुढची तपासणी संक्रांतीनंतर आहे. ती मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणजे हुरडा नेमका त्यात सापडतो. आमच्या वावरात यंदा दोन एकर शाळू आहे. मी डॉक्टरांना स्पष्टच विचारलं, आगटीत भाजलेला हिरवा हुरडा भाकरीत धरायचा की पालेभाजीत?

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "शेत कुणीकडं आहे तुमचं?"

पौषातल्या पहिल्या रविवारी येतायत, घरच्यांना घेऊन.