शाळा आपली, पोरं तुमची

मराठी शाळा वाचलीच पाहिजे, यावर गडहिंग्लजात दुमत नाही. परवा दसरा चौकाजवळच्या हॉटेलात आम्ही काही पालक याच काळजीने जमलो. पट घसरतोय, दोन-दोन इयत्ता एका वर्गात बसतात, हे उघड्या डोळ्यांनी बघत बसणार काय, असं एकाने टेबलावर हात आपटून विचारलं. लगेच त्याने घड्याळ बघितलं. पोराची पिवळी गाडी यायची वेळ झाली होती.

नेसरी, नूल, हलकर्णी, कुठलाही रस्ता धरा. सकाळी पोरांनी गच्च भरलेल्या गाड्या मराठी शाळेच्या दारावरनंच पुढं जातात. हॉर्न तेवढा शाळेपुढं वाजवत नाहीत. शिक्षणाबद्दल आदर आहे!

बैठकीत एक गुरुजी होते. "मी स्वतः जिल्हा परिषदेत शिकवतो, म्हणून सांगतो, गुणवत्ता आपल्याच शाळेत आहे." आपलं पोरगं कुठं असतं गुरुजी? "मंडळी ऐकत नाहीत हो." मंडळी शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, हेच ऐकत नाहीत. सरकारी पगार घेणाऱ्यांनी पोरं सरकारी शाळेतच घालावीत, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2015 साली सांगितल्याची आठवण कुणीतरी काढली. यूपीची परिस्थिती वेगळी, असं गुरुजी म्हणाले आणि त्यांनी बिस्कीट बुडवलं.

सरकार तर आमच्याहून हुशार. सप्टेंबर 2023 मध्ये त्याने वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचं घाटलं. फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलला : खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीईच्या) 25 टक्के जागा द्यायला नकोत. म्हणजे गरिबाच्या पोराला इंग्रजी शाळेच्या दारात अडवायचं झालं की आमची मराठी शाळा अगदी जवळ असते. तिचा खर्च काढायची वेळ आली की ती पटसंख्येत बसत नाही. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, म्हणून बरं.

1917 साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला 1 रुपया दंड. गडहिंग्लज तेव्हा कोल्हापूर संस्थानातच होतं. आज मोफत शाळेत पोर घालावं लागू नये म्हणून आम्ही हजारो रुपये आपखुशीने भरतो, आणि डोनेशनची पावती मागायची नाही एवढा समजूतदारपणाही दाखवतो. महाराजांना दंड वसूल करायला माणसं ठेवावी लागली असतील. इथं रांग लागते.

काठावरनं ओरडून शाळा वाचत नाही, हे आमच्या फुटबॉलच्या गावाला खरं तर सांगावं लागू नये. एम. आर. हायस्कूलच्या मैदानाकडेला हजार जण बोंबलले, तरी गोल आत उतरलेल्यालाच मारावा लागतो. मराठी शाळेचं सगळं गाव कडेला उभं आहे, आणि आत उतरायला ज्याला गाडीचं भाडं परवडत नाही तेवढाच.

असो. 'शाळा वाचवा' हा ठराव एकमताने मंजूर झाला. तो शाळा व्यवस्थापन समितीकडे द्यायचा ठरला, तेव्हा अडचण निघाली. कायद्याने त्या समितीत 75 टक्के पालक लागतात, तेही त्याच शाळेतल्या पोरांचे. आमच्यात असा एकही निघेना. शेवटी चहा आणून देणारा म्हणाला, "माझी थोरली हाय की तिथं, तिसरीत."

सगळ्यांना हायसं वाटलं. कागद त्याच्यापुढं सरकवला. त्याने हात पुसले, पेन घेतलं आणि थांबला.

"करतो की सही. पर धाकट्याचा आरटीईचा फॉर्म भरलाय, सायेब. नंबर लागतोय का बघतो, मग करू काय?"