फक्त सीरियस

आमच्या भाच्याच्या प्रोफाइलवर एकच ओळ आहे : ‘फक्त सीरियस लोकांसाठी.’ फोटोही तसाच. वैनगंगेच्या पुलावर हाताची घडी घालून तो असा उभा आहे, जणू पुराची पातळी मोजायला आलाय. वय चौतीस. वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये हिशेब लिहितो, बालाघाटहून रोज अप-डाउन. संध्याकाळी हनुमान चौकात चहा संपला की चष्मा पुसतो आणि टिंडर उघडतो.

तिथे नापसंत मुलगी अंगठ्याने डावीकडे सारायची असते. ते याच्याने होत नाही. “मामाजी, कोनाच्या पोरीले अंगठ्यानं नाही कसं म्हनू?” खरंच आहे. आमच्यात नकार द्यायचा तर ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणतात, तेही पोहे संपवून. म्हणून हा फोनच बंद करतो. एकदा जबलपूरची एक बाई चार दिवस तशीच पडद्यावर बसून होती.

शोधाच्या अंतराचीही पंचाईत. वाढवलं की ईशान्येला कान्हाचं जंगल. कमी केलं की समोरच्या गल्लीतली, जिच्याकडे याची आई विरजण मागायला जाते. दक्षिणेला मात्र चाळीसेक किलोमीटरवर गोंदिया. १ नोव्हेंबर १९५६ला आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, गोंदिया मुंबई राज्यात गेलं; सोयरिकींनी ती हद्द कधी मानली नाही. भाचाही मानत नाही.

पहिला मेसेज : ‘नमस्कार. मूळ गाव कोणते?’ दुसरा : ‘मामाकूळ?’ तिसरा लिहायची वेळ सहसा येत नाही. मी हसतो खरा, पण याच्या मामीशी लग्नाआधी मी जे बोललो ते ‘पंखा लावू का’ एवढंच.

सगळ्याची नोंद एका लाल वहीत. उत्तर आलं ते ‘जमा’, नाही आलं ते ‘येणे’. ‘बुडीत’ हा रकाना त्याने आखलेलाच नाही.

मागच्या महिन्यात मात्र एका शिक्षिकेचं उत्तर आलं : ‘गाव आमगाव. मामाकूळ लांजी. तुमचं?’ वाचताना याचे हात थरथरत होते. तीही सीरियस निघाली!

गोंदिया स्टेशनवर भेट ठरली. लोक फुलं नेतात. हा पाच किलो चिन्नोर तांदूळ घेऊन गेला. परतल्यावर विचारलं, काय बोललास?

“चिन्नोरले २०२१मध्ये जीआय टॅग भेटला, ते सांगतलं.”

“अन् मग?”

“मग गाडी आली.”

मी कपाळाला हात लावला. तीन दिवस फोन गप्प. चौथ्या दिवशी रात्री अकराला त्याचाच फोन. तिचा मेसेज आला होता : ‘भात मऊ झाला. आईला आवडला.’

“अरे वा! मग?”

“जमा केलं,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “मामाजी, रविवारी तुमच्या गाडीत पंचवीसचा कट्टा मावते का?”