मनगटावरचे भाडेकरू

तळजाईच्या टेकडीवर सकाळी पूर्वी रक्तदाबाच्या आकड्यांची तुलना व्हायची, आता घड्याळांची होते. एक काका बाही वर सरकवून म्हणतात, "आमच्यात वाट्टेल ती ॲप्स येतात." दुसरे काका थांबत नाहीत. "येतात हो, पण तुम्ही वापरता किती?" यावर पहिल्या काकांना अचानक आपली पावलं कमी भरल्याचं आठवतं आणि ते झपाझप पुढे निघून जातात.

प्रश्न मात्र रास्त आहे. स्मार्टवॉचचा सगळा कारभार मला पुण्यातल्या जुन्या वाड्यासारखा वाटतो. वेळ, गजर, पावलं, हृदयाचे ठोके ही मालकाची मंडळी; ती कुठे जात नाहीत. नकाशा, गाणी, निरोपानिरोपी ही बाहेरच्या कंपन्यांनी बनवलेली ॲप्स म्हणजे भाडेकरू. घड्याळ विकताना मालक भाडेकरूंची यादी छातीठोकपणे वाचून दाखवतो. ते किती दिवस राहणार, हे मात्र करारात कुठेच नसतं.

ॲपलचा वाडा पहिल्यापासून शिस्तीचा. २०१५ साली घड्याळ आलं तेव्हाच तीन हजारांहून जास्त ॲप्स हजर होती. पण ती नावापुरती घड्याळात. त्यांचा खरा संसार खिशातल्या आयफोनमध्ये. घड्याळावर टिचकी मारायची, मग पडद्यावर एक चक्र गोल फिरत राहायचं आणि ते थांबेपर्यंत माणूस फोन काढून काम उरकून मोकळा व्हायचा. घड्याळाला स्वतःचं ॲपचं दुकान मिळायला २०१९ उजाडलं. तरीही दर्शनी भिंतीला हात लावायचा नाही, हा नियम कायम आहे. पूर्ण तबकडी ॲपलचीच. बाहेरच्यांनी फार तर कोपऱ्यात आपली छोटी पाटी लावावी.

भाडेकरू जातात तेही न सांगता. २०१७ मध्ये ॲपलच्या घड्याळावरून गूगल मॅप्स निघून गेलं आणि बराच काळ कुणाच्या लक्षातही आलं नाही, यातच काय ते आलं. ते २०२० मध्ये परतलं. इन्स्टाग्राम २०१८ मध्ये गेलं. खरं तर एवढ्याशा काचेवर लोकांच्या सहलीचे फोटो बघायला कोण हात वर धरून बसणार होतं? आपल्याकडे खरी वाट पाहिली गेली ती व्हॉट्सॲपची. गूगलच्या वेअर ओएस या घड्याळांच्या प्रणालीवर ते २०२३ मध्ये राहायला आलं, ॲपलकडे थेट २०२५ च्या नोव्हेंबरात. तोवर दहा वर्षं ते उंबऱ्यात उभं राहून नोटिफिकेशनपुरतं बोलत होतं आणि नातेवाइकांचं सुप्रभात मनगटावर नुसतं गुरगुरत होतं.

गार्मिनकडे वेगळीच तऱ्हा. तो वाडा धावणाऱ्यांचा आणि डोंगर चढणाऱ्यांचा. तिथल्या ॲपच्या दुकानाचं नाव कनेक्ट आयक्यू आणि ती ॲप्स ज्या भाषेत लिहितात तिचं नाव, खोटं वाटेल, मंकी सी. इथे दर्शनी भिंत कुणीही रंगवावी. माझ्या भाच्याने एक अख्खा रविवार तबकड्या निवडण्यात घालवला. शेवटी जी निवडली तिच्यावर हृदयाचे ठोके, समुद्रसपाटीपासूनची उंची, सूर्योदय, सूर्यास्त, बॅटरी, पावलं आणि कालच्या झोपेचा हिशेब आहे. "किती वाजले रे?" असं विचारलं की तो मनगट डोळ्यांजवळ नेतो, थोडं तिरकं करतो आणि म्हणतो, "थांब मामा, इथेच कुठेतरी आहे."

सॅमसंगने तर पुनर्विकास केला. त्यांची घड्याळं आधी टायझेन या स्वतःच्या प्रणालीवर चालायची. २०२१ मध्ये गॅलेक्सी वॉच ४ आलं ते गूगलच्या वेअर ओएसवर. नवी इमारत जास्त चांगली, भाडेकरूही नामांकित. पण जुन्या वाड्यातल्यांना नव्या इमारतीत खोली नव्हती. टायझेनचं ॲपचं दुकान मग टप्प्याटप्प्याने आवरत नेलं. पुनर्विकासात काय होतं ते पुणेकरांना मी वेगळं सांगायला नको.

फिटबिटचं याहून वाईट. २०२१ च्या जानेवारीत गूगलने ती कंपनी विकत घेण्याचा व्यवहार पूर्ण केला. पुढच्या वर्षी व्हर्सा ४ आणि सेन्स २ बाजारात आली, तर त्यांत बाहेरच्या ॲप्सना जागाच नाही. आधीच्या मॉडेलमध्ये होती! २०२४ मध्ये युरोपातल्या ग्राहकांना जुन्या घड्याळांसाठीही बाहेरची ॲप्स आणि तबकड्या मिळेनाशा झाल्या. पैसे मोजून घेतलेल्या घड्याळात नव्या वर्षात काही तरी वाढेल अशी आपली भाबडी समजूत असते.

माझा जीव मात्र पेबल नावाच्या घड्याळावर आहे. २०१२ मध्ये किकस्टार्टरवर त्यांनी लोकांकडे एक लाख डॉलर मागितले आणि लोकांनी एक कोटीहून जास्त दिले. काळा-पांढरा पडदा, आठवडाभर चालणारी बॅटरी आणि एका ॲपच्या वाट्याला स्मृती अवघी २४ किलोबाइट. आज एक साधा फोटोही एवढ्यात मावत नाही. पहिल्या पेबलवर एका वेळी ८ ॲप्स ठेवता यायची, त्यातच तबकड्याही आल्या. नववं हवं तर आधीचं एक काढा. या अडचणीमुळेच हौशी लोकांनी त्यावर एकाहून एक नेटकी ॲप्स लिहिली. २०१६ च्या अखेरीस कंपनी बुडाली, मालमत्ता फिटबिटने घेतली आणि ३० जून २०१८ ला सर्व्हर बंद झाले.

एरवी गोष्ट इथे संपते. पण इथे भाडेकरूंनीच रेबल नावाची सोसायटी काढली, ॲप्सचं गोदाम वाचवलं आणि हवामान वगैरे सेवा स्वतः चालवायला घेतल्या. २०२५ मध्ये गूगलने पेबलची मूळ प्रणाली सर्वांना खुली केली, संस्थापक एरिक मिजिकोव्हस्की नवी घड्याळं घेऊन परतले आणि त्याच वर्षी सोसायटी आणि जुने मालक यांच्यात गोदामावरून जाहीर भांडण जुंपलं. म्हणजे सोसायटी खरीच होती म्हणायची.

आपल्याकडच्या दीड-दोन हजारांच्या घड्याळांत बहुतेक वेळा ही भानगडच नसते. भाडेकरू नाहीत, सगळा मालकाचाच गोतावळा. शंभरावर क्रीडाप्रकार असतात, त्यातले निम्मे ऐकलेले नसतात. वहिनीच्या घड्याळात मराठी अक्षरं उमटत नाहीत, नुसते चौकोन येतात. पण तिचं काही अडत नाही. "आठ-दहा चौकोन म्हणजे आई," ती सांगते. "बाबा दोनातच उरकतात." आणि ती बरोबर असते.

माझ्या मते पेबलचा आठाचा हिशेबच शहाणपणाचा होता. टेकडीवरच्या काकांना मी एकदा ते वापरत असलेली बाहेरची ॲप्स मोजायला लावली. व्हॉट्सॲप आणि गाणी यांच्यापुढे गाडी सरकेना. तेव्हा दसऱ्याला घड्याळ घ्यायला जाल तर लागणारी तीन ॲप्स कागदावर लिहून न्या. ती नेमक्या त्याच मॉडेलवर आज मिळतात का, हे तिथेच उघडून बघा. स्वतःला एक मराठी मेसेज पाठवून पाहा. आणि कंपनीच्या जुन्या मॉडेलवरच्या ॲप्सचं पुढे काय झालं, हे दुकानदाराला अवश्य विचारा. तो बहुधा पट्ट्यांचे रंग दाखवायला लागेल. काळा घ्या, मळखाऊ असतो.